वायफाय ड्रायव्हर: कंपनीची खास कमांड की सगळ्यांचा सामायिक इंटरफेस?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

कामातला एक निर्णय अडलाय. तो फक्त आमच्यापुरता नाही असं वाटतं, म्हणून धागा काढतोय.

आम्ही कारखाने आणि गोदामांसाठी वायफाय गेटवे बनवतो. आत लिनक्स, चिप बाहेरची, चिपवाल्यांचा एसडीके (ड्रायव्हर आणि टूल्सचा संच) लिनक्सच्या कर्नल ५.४ वर. एकाच ॲक्सेस पॉइंटला हातातले स्कॅनर आणि कॅमेरे दोन्ही जोडलेले असतात. कॅमेऱ्याची पॅकेट मोळी बांधून गेली तरी काही बिघडत नाही. स्कॅनरचं पॅकेट छोटंसं, पण ते लगेच जायला हवं. म्हणजे स्कॅनरपुरतं ॲग्रिगेशन (ही मोळी बांधणं) बंद आणि रीट्राय (पुन्हा पाठवणं) मोजके, एवढंच आमचं मागणं.

एसडीकेत सोय आहे, पण चिपवाल्यांच्या खास व्हेंडर कमांडमधून. आयडब्ल्यू या वायफायच्या टूलच्या 'व्हेंडर सेंड'ला आधी कंपनीचा तीन बाइटचा ओयूआय (ओळखीचा आकडा) द्यायचा, मग सबकमांडचा नंबर, मग नुसती बाइटची रांग. त्या रांगेतल्या कुठल्या बाइटने ॲग्रिगेशन बंद होतं हे कुठल्याही मॅन पेजवर नाही. ते एसडीकेच्या पीडीएफमध्ये आहे आणि ती पीडीएफ करारावर सही केल्याशिवाय मिळत नाही.

माझं मत: हे एनएल८०२११मध्ये सामायिक कमांड म्हणूनच असायला हवं. उद्या चिप बदलली की आमचा अर्धा प्रोग्रॅम फेकून द्यावा लागेल. टीममधल्या दोघांचं म्हणणं, चालतंय ना, मग पुढे जाऊ. तुमचा अनुभव काय सांगतो?

डीबगर

तुमच्या टीममधल्या दोघांशी सहमत. मी एका चिप कंपनीतच काम करतो, नाव सांगत नाही. बाहेरून बघताना वाटतं की कंपन्यांना मुद्दाम अडवून ठेवायचं असतं. आतून चित्र वेगळं आहे. फर्मवेअरमध्ये (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एखादी सोय तयार झाली की ती ग्राहकाला याच हंगामात हवी असते. सामायिक इंटरफेस करायचा तर आधी बाकीच्या चिपांमध्ये ती गोष्ट कशी चालते ते समजून घ्या, मग पॅच पाठवा, चर्चा झेला, पुन्हा पाठवा. तोवर प्रॉडक्ट बाजारात जाऊन जुनंही होतं.

म्हणूनच २०१४ साली कर्नल ३.१४ मध्ये व्हेंडर कमांडची अधिकृत वाट दिली गेली. ती पळवाट नाही, एनएल८०२११चाच भाग आहे. अँड्रॉइडचा वायफायचा एचएएल (हार्डवेअरशी बोलणारा थर) बघा, तिथली कितीतरी कामं याच वाटेने होतात.

सांजवेळ

मी लिनक्स वापरते पण ड्रायव्हर लिहीत नाही. हे एनएल८०२११ वगैरे कुणी सोप्या भाषेत सांगेल का? धागा इंटरेस्टिंग वाटतोय पण दुसऱ्या परिच्छेदातच अडकले.

रेडिओवाला

सांजवेळ, मिक्सरचा विचार करा. भांडं ज्या त्या कंपनीचं, एकाचं दुसऱ्यावर बसत नाही. भिंतीतला सॉकेट मात्र सगळ्यांना चालतो. तो सॉकेट म्हणजे एनएल८०२११.

तुमचा नेटवर्क मॅनेजर किंवा डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड वापरून वायफायला जोडणारा प्रोग्रॅम) "नेटवर्क शोध", "याला जोड", "चॅनेल बदल" अशी वाक्यं एनएल८०२११मध्ये बोलतो. कर्नलमध्ये सीएफजी८०२११ ती ऐकतो आणि त्या कार्डाच्या ड्रायव्हरला सांगतो. ज्या चिपमध्ये वायफायचं बरंचसं काम कर्नलनेच करायचं असतं, तिथे मध्ये मॅक८०२११ बसतो. कोयनाकाठ यांची अडचण अशी की त्यांना हवं ते वाक्य त्यांच्या एसडीकेत फक्त कंपनीच्या बोलीत आहे.

आजोबा_हॅम

डीबगर, तुमची बाजू मला पटते, पण हे सगळं एकदा होऊन गेलंय आणि त्याचे चटके आम्ही खाल्लेत.

एनएल८०२११च्या आधी वायरलेस एक्स्टेंशन्स होती. आयडब्ल्यूकॉन्फिग, आयडब्ल्यूलिस्ट त्यातलीच. त्यात "खासगी आयओसीटीएल", म्हणजे ड्रायव्हरच्या स्वतःच्या कमांड, ठेवायची मुभा होती आणि त्यासाठी आयडब्ल्यूप्रिव्ह ही कमांड. ज्याला जे सुचलं ते त्याने तिथे टाकलं. ॲथेरॉसच्या कार्डाला मॅडवायफाय ड्रायव्हरवर ८०२.११जी मध्ये आणायचं तर "आयडब्ल्यूप्रिव्ह एटीएच० मोड ३". रालिंकच्या ड्रायव्हरवर पासवर्डचा प्रकार ठरवायचा तर "आयडब्ल्यूप्रिव्ह आरए० सेट ऑथमोड" आणि पुढे त्यांची मूल्यं. काम एकच, भाषा दोन.

याचा भार पडला योउनी मालिनेन यांच्या डब्ल्यूपीए सप्लिकंटवर. त्यात मॅडवायफायसाठी वेगळी फाइल, रालिंकसाठी वेगळी, आयपीडब्ल्यूसाठी वेगळी, एनडीआयएसरॅपरसाठी वेगळी. चालू करताना "-डी"पुढे आपल्या ड्रायव्हरचं नाव लिहावं लागे आणि नाव चुकलं की तासन्तास डोकं धरून बसायचं. पुढे डब्ल्यूईएक्सटी नावाचा एक समान पर्याय आला, मग एनएल८०२११ आला आणि त्या फाइली एकेक करून गळाल्या. एवढी मोठी साफसफाई ज्याने बघितली आहे तो "चालतंय ना" ऐकलं की सावध होतो.

पाटलाचा_पोर

काका, "-डी"पुढे काय लिहायचं हे ज्याला पाठ होतं तो मुलगा आमच्या होस्टेलमध्ये कधी उपाशी झोपला नाही. वायफाय लागलं की वडापाव ठरलेला 😄

डीबगर

आजोबा, इतिहास मान्य. पण त्याच इतिहासातून मी उलटा धडा घेतो. वायरलेस एक्स्टेंशन्स हाही त्या काळचा सामायिक इंटरफेसच होता! त्याची बांधणी चुकली, आणि तरी इतक्या वर्षांनी तो कर्नलमध्ये आहे, कारण लिनक्समध्ये यूजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना) दिलेला शब्द मोडता येत नाही. अलीकडच्या कर्नलवर आयडब्ल्यूकॉन्फिग चालवा आणि डीमेसेज (कर्नलचे संदेश) बघा. हा प्रोग्रॅम वायरलेस एक्स्टेंशन्स वापरतो, वायफाय ७च्या हार्डवेअरवर ती चालणार नाहीत, एनएल८०२११ वापरा, अशी सूचना येते. वायफाय ७च्या निमित्ताने कुठे दार लावायची संधी मिळाली.

घाईने सामायिक केलेली चूक सगळ्यांच्या गळ्यात कायमची पडते. व्हेंडर कमांड चुकली तर एका कंपनीपुरती चुकते. जेव्हा एकाच चिपमध्ये एखादी सोय असते, तेव्हा "सामायिक" म्हणून जे बनतं ते बहुतेक वेळा त्या चिपचंच चित्र असतं, फक्त नाव बदललेलं.

आजोबा_हॅम

शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. एकाच्या मापाने शिवलेला सदरा सगळ्यांना होत नाही. त्यावर मेनलाइनवाल्यांचा (मूळ कर्नल सांभाळणाऱ्यांचा) उपाय असा की इतर ड्रायव्हरवाल्यांनी चर्चेत येऊन "आमच्याकडे हे असं चालतं" हे सांगावं. त्याला वेळ लागतो हेही खरं. तो वेळ कुठेतरी द्यावाच लागतो, आज एकाने दिला नाही तर उद्या प्रत्येक ग्राहकाने.

रेडिओवाला

या वादाचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण एसएआरचं आहे.

एसएआर म्हणजे शरीराजवळ रेडिओ असताना किती ऊर्जा शोषली जाते त्याचं माप, आणि त्याला मर्यादा असते. टॅब्लेट हातात आहे की टेबलावर, यावरून पॉवर कमी-जास्त करावी लागते. क्वालकॉमच्या एटीएच१०के ड्रायव्हरसाठी हे आधी व्हेंडर कमांड म्हणून पुढे आलं होतं. चर्चेत प्रश्न आला की ही गरज एकाच चिपची कशी? क्रोमबुकमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय चिप असते, मग क्रोमओएसने प्रत्येकीसाठी वेगळा कोड ठेवायचा का? शेवटी ते 'सेट एसएआर स्पेक्स' नावाची सामायिक कमांड होऊन कर्नल ५.११ मध्ये, म्हणजे २०२१च्या सुरुवातीला आलं.

त्यानंतर मीडियाटेकच्या एमटी७६ने तीच कमांड घेतली, रियलटेकच्या आरटीडब्ल्यू८८ आणि आरटीडब्ल्यू८९नेही घेतली. पॉवरचं टेबल आत कसं साठवायचं, फर्मवेअरला कसं पोचवायचं, हे प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने केलं. वरचं वाक्य एकच. डीबगर, इथे पहिल्याला त्रास झाला हे नाकारत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्याला आयता रस्ता मिळाला.

मनाली_एस

मी संशोधनाच्या बाजूने लिहिते. आमच्या लॅबमध्ये वायफायच्या लहरींवरून खोलीतली हालचाल ओळखण्याचं काम चालतं. त्याला चॅनेल स्टेट इन्फर्मेशन म्हणजे सीएसआय (सिग्नल वाटेत कसा बदलला याची माहिती) लागतं. एनएल८०२११मध्ये यासाठी सामायिक कमांड नाही. म्हणून इंटेल ५३०० कार्डाचं एक टूल, ॲथेरॉसच्या काही चिपांचं दुसरं, ब्रॉडकॉमच्या काही चिपांसाठी नेक्समॉनवर आधारलेलं तिसरं. प्रत्येकात सबकॅरियरची संख्या वेगळी, आकड्यांची मांडणी वेगळी, फेज दुरुस्त करायची रीत वेगळी.

विद्यार्थी इंटेल ५३०० वर मॉडेल शिकवतो, दुसऱ्या लॅबकडे दुसरं कार्ड, आणि निकाल ताडून बघायचे म्हटले की आधी डेटा एका साच्यात आणण्यातच सेमिस्टर जातं. ५३०० तर ८०२.११एन काळातलं कार्ड, जुन्या लॅपटॉपमधून काढून जपून ठेवावं लागतं.

तरीही मी डीबगर यांना थोडा कौल देईन. ही टूल्स कार्डनिहाय नसती तर ही संशोधनाची शाखाच उभी राहिली नसती. सामायिक काय हवं हे कळायला आधी कुणीतरी खास काहीतरी करून बघावं लागतं. आता मात्र ८०२.११बीएफ हे सेन्सिंगचं मानकच आहे. आता तरी कंपन्यांनी एकत्र बसावं, अशी फार इच्छा आहे.

पाटलाचा_पोर

मनालीताई, म्हणजे राउटरला कळतं की मी रात्री फ्रीज उघडला? आईला सांगू नका हां.

मनाली_एस

हालचाल कळते, फ्रीज की कपाट हे सांगणं अजून अवघड आहे. निर्धास्त रहा :)

शतपावली

सुरक्षेचा मुद्दा कुणीच मांडला नाही म्हणून लिहितो. मे २०२१ मध्ये माथी वानहूफ यांनी फ्रॅगअटॅक्स जाहीर केले. वायफायमधल्या पॅकेटचे तुकडे जोडण्याच्या पद्धतीतल्या त्रुटी होत्या, काही थेट मानकातच. ज्या ड्रायव्हरचं काम मॅक८०२११मधून जातं त्यांच्यासाठी दुरुस्तीचा मोठा भाग एकाच जागी झाला. ज्या चिपा सगळं फर्मवेअरमध्ये करतात, त्यांना आपापल्या कंपनीच्या नव्या फर्मवेअरची वाट बघावी लागली.

अवांतर, पण याच जातीचं: राउटरमधला बफरब्लोट (पॅकेटच्या लांबलेल्या रांगांमुळे होणारा उशीर). डेव्ह टाट आणि त्यांच्या मेक-वायफाय-फास्ट प्रकल्पातल्या लोकांनी रांगांचं व्यवस्थापन मॅक८०२११मध्ये आणलं. एअरटाइमची (हवेत बोलायला मिळणाऱ्या वेळेची) न्याय्य वाटणी आधी फक्त एटीएच९के ड्रायव्हरमध्ये होती, नंतर ती वर मॅक८०२११मध्ये उचलली गेली, म्हणजे इतर ड्रायव्हरनाही ती घेता आली. घरातला एक जुना मंद फोन सगळ्यांचं नेट अडवून धरायचा, ते त्यामुळे थांबलं. डेव्ह टाट २०२५च्या एप्रिलमध्ये गेले. आपल्या गावातल्या छोट्या केबलवाल्याच्या राउटरवरही त्यांच्या कामाचा उपयोग होतो, हे मला फार मोठं वाटतं.

डीबगर

शतपावली, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे की! आधी एका ड्रायव्हरमध्ये पिकलं, मग वर गेलं.

शतपावली

बरोबर, पण एक फरक आहे. एटीएच९केमधला कोड सगळ्यांसमोर होता आणि वापरणाऱ्याला त्यासाठी नवी बोली शिकावी लागली नाही. उचलून वर नेणं म्हणूनच शक्य झालं. कराराच्या पीडीएफमधली सबकमांड वर कोण उचलणार?

रेडिओवाला

आणखी एक दुखणं, नियमांचं. भारतात २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा परवानामुक्त झाला. सामायिक वाटेने हे सोपं आहे: वायरलेस-रेगडीबीमध्ये (देशनिहाय रेडिओ नियमांच्या यादीत) भारताची नोंद आहे, देश "आयएन" ठेवला की कर्नल त्याप्रमाणे चॅनेल उघडतं.

पण काही कार्डं हा कारभार स्वतःच्या फर्मवेअरमध्ये ठेवतात. माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचं असं कार्ड आहे. 'आयडब्ल्यू रेग गेट' दिलं की आधी जागतिक भाग दिसतो, आणि खाली त्या फिजपुढे (कार्डाच्या नावापुढे) कंसात "सेल्फ-मॅनेज्ड". त्याखाली ५ गिगाहर्ट्झच्या ओळींवर "नो-आयआर", म्हणजे या चॅनेलवर स्वतःहून सिग्नल सुरू करायचा नाही. परिणाम, त्या लॅपटॉपवर ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट निघत नाही. मी देश कितीही वेळा सेट केला तरी कार्ड ढिम्म. कायद्याने ज्याला परवानगी आहे तेही करता येत नाही आणि दाद मागायला जागा नाही, याचा खरंच राग येतो.

डीबगर

रेडिओवाला, तिथे कंपनीची बाजू अशी की नियामकाला जबाबदार तीच असते. पॉवर जास्त गेली तर दंड तिला. पण हॉटस्पॉटबद्दलचा राग समजू शकतो.

मला एक मान्य करायचंय. व्हेंडर कमांडचा चांगला वापर कसा असतो हे बघायचं तर इंटेलची एनएल८०२११-व्हीएनडी-इंटेल ही हेडर फाइल बघा. छोटीशी आहे. त्यांच्या प्लॅटफॉर्मवर मॅनेजमेंट इंजिन (लिनक्सपासून वेगळा चालणारा छोटा प्रोसेसर) आणि लिनक्स दोघंही एकच वायफाय कार्ड वापरतात. मग आत्ता कार्ड कुणाच्या ताब्यात, ते मागायचं कसं, एवढ्यापुरत्या त्या कमांड. दुसऱ्या कुठल्या कंपनीला याचा उपयोगच नाही. कर्नलमध्ये उघडपणे आहे, टिपा लिहिलेल्या आहेत. मेनलाइनचं धोरणही हेच आहे: खरोखर त्या हार्डवेअरपुरतं असेल ते नीट लिहून, तपासणीला ठेवून चालतं, इतरांनाही लागेल ते सामायिक करा.

त्या मापाने बघितलं तर ॲग्रिगेशन बंद करणं हे कुठल्याच एका चिपचं खास काम नाही. प्रत्येक चिप ॲग्रिगेशन करते. कोयनाकाठ, या एका बाबतीत तुमचा मुद्दा बरोबर आहे.

आजोबा_हॅम

वा! आणि खास गोष्टी खाली ड्रायव्हरमध्ये असायला माझा काहीच विरोध नाही. रास्पबेरी पायवर चालणारा ब्रॉडकॉमचा बीआरसीएमएफमॅक बघा. त्याच घराण्याची चिप सायप्रेसकडे गेली, तिथून इन्फिनिऑनकडे, आणि फर्मवेअरची वाट हळूहळू वेगळी झाली. तेव्हा ड्रायव्हरच्या आतच कंपनीनिहाय छोटे मॉड्यूल केले. वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही. भेद असावेत, पण खाली असावेत.

मनाली_एस

मूळ प्रश्नाकडे परत येऊ का? कोयनाकाठ, तुम्हाला हवी ती सामायिक कमांड आधीच आहे असं मला वाटतं. 'सेट टीआयडी कॉन्फिग' नावाची, कर्नल ५.७ पासून, म्हणजे २०२०ची. एका स्टेशनसाठी (जोडलेल्या उपकरणासाठी), ठरावीक टीआयडीवर (पॅकेटच्या प्राधान्याच्या वर्गावर), ॲग्रिगेशन चालू-बंद, रीट्रायची संख्या, नो-ॲक (पोच न मागणं), आरटीएस (पाठवण्याआधी परवानगी मागणं) हे सगळं तिच्यात येतं. आयडब्ल्यूमध्ये "सेट टीआयडीकॉन्फ", पुढे "पिअर" आणि स्कॅनरचा मॅक पत्ता, पुढे टीआयडीचा मास्क (कुठले टीआयडी हे सांगणारा आकडा), शेवटी "एएमपीडीयू ऑफ", म्हणजे ॲग्रिगेशन बंद. बाइट मोजत बसायला नको.

कोयनाकाठ

मनालीताई, हे सोन्यासारखं आहे! एसडीके ५.४ वर अडकल्यामुळे आमच्या नजरेला पडलंच नव्हतं. पण मग अडचण तीच ना, आमच्या कर्नलमध्ये ती कमांड नाही.

रेडिओवाला

त्यासाठी बॅकपोर्ट्स आहेत. नव्या कर्नलचं सीएफजी८०२११ आणि मॅक८०२११ जुन्या कर्नलवर बांधता येतं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) कित्येक वर्षं हेच करतंय. पण एक बघा, कमांड असणं आणि ड्रायव्हरला ती येणं वेगळं. एटीएच१०केमध्ये ती आहे, तीही फर्मवेअरने ती सोय जाहीर केली तरच. तुमच्या ड्रायव्हरमध्ये नसेल तर टीआयडी कॉन्फिगचे दोन हुक (कमांड आली की ड्रायव्हरमधली चालणारी फंक्शनं), सेट आणि रीसेट, तुम्हाला लिहावे लागतील.

डीबगर

आणि त्या हुकांच्या आतून फर्मवेअरला जे पाठवायचं ते तुमच्या व्हेंडर कमांडच्या कोडमध्ये तयारच असणार. एसडीकेत ड्रायव्हरचा सोर्स असतो ना? व्हेंडर कमांडच्या हँडलरपासून खाली माग काढा, शेवटी फर्मवेअरला जाणारा एक संदेश सापडेल. तोच नव्या हुकातून पाठवायचा. चिपवाल्यांच्या सपोर्टला हे आधी विचारा. ग्राहकाने मागितलं की आतल्या टीमला अपस्ट्रीम करायला (मूळ कर्नलमध्ये पाठवायला) वेळ मंजूर होतो, हे मी आतून सांगतो. ग्राहक मागतच नाहीत ही खरी अडचण आहे.

कोयनाकाठ

सोर्स आहे, आत्ताच बघितला. हँडलर सापडला, खाली सरळ एक फर्मवेअर संदेश जातो. टीमशी बोललो. पहिल्या खेपेला प्रॉडक्ट व्हेंडर कमांडवरच जाईल, तारीख हलत नाही. पण आमच्या प्रोग्रॅममध्ये ती बाइटची रांग एकाच फाइलमध्ये कोंडायची, आणि समांतर टेस्ट बोर्डवर बॅकपोर्ट्स लावून हुक लिहायचे. सपोर्टला पत्र आज जातंय. पॅच तयार झाला तर इथे टाकतो, आधी तुम्ही सगळ्यांनी झोडपा.

शतपावली

झोडपायला तयार आहे :) हार्डवेअर हाताशी नसताना एनएल८०२११च्या बाजूची तालीम करायची असेल तर मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम लोड करा, खोटे रेडिओ मिळतात. होस्टएपीच्या (डब्ल्यूपीए सप्लिकंट ज्यात आहे त्या प्रकल्पाच्या) सोर्समध्ये त्यावरच्या भरपूर टेस्ट आहेत, त्या वाचूनही खूप शिकायला मिळतं. आणि लिनक्स-वायरलेसच्या यादीवर मेल साध्या टेक्स्टमध्येच पाठवा, एचटीएमएल असलं तर पोचतच नाही.

सांजवेळ

मला आता जवळजवळ सगळं कळलं. पॅच आला की कळवा, वाचायचा प्रयत्न करेन.

रेडिओवाला

कोयनाकाठ, मास्क ठरवण्याआधी स्कॅनरकडे जाणारी पॅकेट कुठल्या टीआयडीवर जातात ते मॉनिटर मोडमध्ये (हवेतली सगळी पॅकेट ऐकून) बघून घ्या. डीएससीपी (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) लावलेलं नसेल तर ती टीआयडी ०वर असतील. तसं असेल तर मास्क १ पुरेल. प्रोग्रॅममध्ये कुणी व्हॉइसची खूण लावली असेल तर ती दुसऱ्या टीआयडीवर, बहुधा ६वर, गेलेली असतील आणि टीआयडी ०चं ॲग्रिगेशन बंद करून काहीच फरक दिसणार नाही.